सहा खेपा आणि तीन फर्मे

वहिनींची टेप साठ इंचांची आहे. पिवळी, दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी ठोकलेली. दिवसभर ती त्यांच्या गळ्यात असते. गिऱ्हाईक आलं की उतरते, माप वहीत गेलं की परत गळ्यात जाते. गेल्या जानेवारीत एका सकाळी त्या टेपसकट वाळूच्या ट्रॉलीत चढल्या, आणि त्या सकाळमुळेच मी हा लेख लिहायला बसलो.

आमचं गाव गिरणाकाठचं. चुलतभावाला घरकुल मंजूर झालं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. पावती हातात आली होती, डेपो ठरला होता, ट्रॅक्टर तेवढा आपण भाड्याने आणायचा होता. भाऊ सुरतेला कामाला, त्यामुळे घराचं सगळं वहिनींच्याच अंगावर. मी चार दिवस गावी आलो होतो म्हणून सोबत उभा होतो.

"पाच ब्रास म्हणजे पाच खेपा, काकू," ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला. "ही एक ब्रासची ट्रॉली. दहा, पाच, दोन."

दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. गुणाकार १०० घनफूट, आणि १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. हिशेब तोंडी होता आणि बरोबरही होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. ट्रॉली रिकामी होती. फाळका पाडून त्या आत चढल्या, एका कोपऱ्यात टेपचं टोक पायाखाली दाबलं आणि लांबी घ्यायला लागल्या. टेप साठावर संपली. तिथे पत्र्यावर खडूने रेघ मारली आणि रेघेपासून पुन्हा सुरुवात केली. छप्पन. साठ आणि छप्पन, एकशे सोळा इंच. रुंदी एका दमात आली, छप्पन इंच. खोली घेताना मात्र थांबल्या. ट्रॉलीचा तळ जागोजागी चेपलेला होता. त्यांनी खोली तीन ठिकाणी घेतली. पुढे साडेएकवीस, मध्ये बावीस, फाळक्यापाशी साडेबावीस. "बावीस धरते," म्हणाल्या, आणि ब्लाउजची मापं लिहायच्या वहीतच आकडे लिहिले.

मोबाइलवर गुणाकार झाला. ११६ गुणिले ५६ गुणिले २२, उत्तर १,४२,९१२. हे घनइंच. वहिनींनी बाराने भागलं, कारण बारा इंचांचा फूट. उत्तर अकरा हजार नऊशे आलं. ट्रॉलीत अकरा हजार घनफूट वाळू मावत नाही हे त्यांना दिसत होतं, पण चुकलं कुठे ते कळत नव्हतं. ओट्यावर दप्तर भरत बसलेली त्यांची आठवीतली मुलगी म्हणाली, "आई, तीनदा भाग. तीन बाजू मोजल्यास ना?"

तीनदा भागलं. अकरा हजार नऊशेनऊ, मग नऊशे ब्याण्णव, मग ८२.७.

त्या पोरीचं वाक्य मला अजून आठवतं. घनफळाच्या एकक-रूपांतराबद्दल इतकं सोपं मी कुठे ऐकलं नव्हतं. लांबीचा फूट बारा इंचांचा असतो, पण घनफूट बारा घनइंचांचा नसतो. लांबीत बारा, रुंदीत बारा, उंचीत बारा, असे १,७२८ घनइंच त्यात बसतात. मीटर आणि फुटाचंही तेच. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून घनमीटरलाही ३.२८ ने गुणणारी माणसं मी सरकारी कामांच्या बैठकांतही पाहिली आहेत. खरं तर तो आकडा तीनदा लागतो, आणि एका घनमीटरचे ३५.३१ घनफूट होतात. अंदाजपत्रकात १० घनमीटर वाळू लिहिली असेल, तर ती साडेतीन ब्रास.

दहा, पाच, दोन ही मापं खोटी नव्हती, पण ती बाहेरून घेतलेली होती. ट्रॉलीच्या बाजूंना लोखंडी अँगलच्या पट्ट्या असतात, तळाखाली चॅनल असतं, आणि हे सगळं बाहेरच्या मापात येतं. वाळू मात्र आतच बसते. लांबीत चार इंच, रुंदीत चार इंच, खोलीत दोन इंच गेले. सुटे पाहिले तर हे फरक कोणी मनावर घेणार नाही. लांबी तीन टक्क्यांनी घटली, रुंदी साडेसहा, खोली आठ. पण घनफळात घट एकमेकींवर चढत जाते, आणि १०० चे ८३ होतात. सतरा घनफूट वाळू प्रत्येक खेपेला फक्त बोलण्यात भरली जात होती.

पोरगा बिचारा गोंधळून गेला. त्याने ट्रॉली जुनी विकत घेतली होती, 'एक ब्रासची' म्हणून. त्याच्या आधीच्या मालकानेही तशीच घेतली असणार. इतक्या वर्षांत तिच्यात टेप घेऊन कोणी उतरलं नव्हतं. त्याने स्वतः टेप हातात घेतली आणि पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

"शीग मारतो ना काकू," तो म्हणाला. "वर ढीग करून आणतो."

शीग हा शब्द ऐकून मला आजीची पायली आठवली. पायलीने धान्य मोजायच्या दोन तऱ्हा असत. काठावरून हात फिरवून सपाट, किंवा वर ठरेल तेवढा ढीग ठेवून शिगोशीग. बलुतेदाराला धान्य घालताना शिगेने घालायचं, उसनं घेतलं असेल तर ज्या मापाने घेतलं त्याच मापाने फेडायचं. चार शेरांची पायली, पण मणाच्या पायल्या गावागणिक बदलायच्या. कुठे बारा, कुठे सोळा. देशाने १९५६ साली वजन-मापांचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत किलो, लिटर, मीटर सक्तीचे केले, ते या गोंधळातून सुटण्यासाठी. पायलीवर शीग बसते, लिटरच्या मापावर बसत नाही. दूध, तेल, पाणी काठाशी आपोआप सपाट होतं, तिथे मापणाऱ्याच्या हाताला फारसा वाव उरत नाही.

वाळू मात्र अजून पायलीच्या जमान्यात आहे. ढिगाचं घनफळ टेपने काढता येत नाही. डेपोपासून गावापर्यंत बारा खड्डे लागले की ढीग खाली बसतो, थोडा रस्त्यावर सांडतो. वहिनींनी शीग नाकारली. "सपाट आण," म्हणाल्या. "खेपा मी मोजते."

तरी एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती दाखवली घर बांधणाऱ्या मिस्त्रींनी. पहिली खेप उतरली तेव्हा वाळू ओली होती, मुठीत दाबली की लाडू व्हावा अशी. मिस्त्रींनी वहिनींकडे काचेची बरणी मागितली, सरळ बाजूंची. तिच्यात ती ओली वाळू हलक्या हाताने सोडली आणि पट्टी लावली. वीस सेंटिमीटर. मग वाळू घमेल्यात काढली, बरणीत अर्धं पाणी घेतलं, तीच वाळू पाण्यात सोडून गजाने ढवळली आणि बसू दिली. पाच मिनिटांनी पट्टी लावली तर सोळा सेंटिमीटर.

वाळू तीच, एक कणही इकडचा तिकडे झाला नव्हता. दमट वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून ढीग फुगतो. चार-पाच टक्के ओलीलाच वाळू वीस ते तीस टक्के फुगू शकते, आणि वाळू जितकी बारीक तितकी जास्त. पूर्ण बुडवली की पापुद्रे तुटतात आणि वाळू पुन्हा कोरडीइतकी बसते. आमच्या बरणीत सोळावर चार, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा निघाला. म्हणजे ट्रॉलीतले ८२.७ घनफूट कोरड्या हिशेबाने ६६ च भरले.

त्या संध्याकाळी वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ओलं-सुकं जाऊ द्या भाऊजी. नदीतून निघालेली वाळू, ती ओली असणारच. पण पाच म्हणजे पाच भरले पाहिजेत."

घनफळ हे असं आहे. डब्याच्या तीन बाजू तुम्ही सूत-सूत मोजा, आत काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे टेप सांगत नाही. हे वाळूपुरतंच नाही. फराळाच्या तेलाचा डबा घ्या. 'पंधराचा डबा' आपण सरसकट म्हणतो, पण बाजारात १५ किलोचा असतो आणि १५ लिटरचाही असतो. खाद्यतेल पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटर तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर, आणि १५ किलो तेल म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर. आमच्या घरच्या चौकोनी डब्याचं आतलं माप मी घेतलं. बाजू २३ सेंटिमीटर, उंची ३४. त्यात १५ किलो तेल ३१ सेंटिमीटरपर्यंत येतं, १५ लिटर असेल तर साडेअठ्ठावीसच्याही खाली राहतं. झाकण उघडून वरून पाहणाऱ्याला दोन्ही डबे भरलेलेच वाटतात. फरक दोन बोटांचा, पण त्या दोन बोटांत सव्वा किलोहून जास्त तेल असतं. चकलीचा एक मोठा घाणा त्यात निघतो.

तेलातही वाळूसारखी गंमत आहे, फक्त इथे ओलाव्याऐवजी उष्णता काम करते. तापलं की तेल फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना तेच लिटर ८९३ ग्रॅमच्या आसपास येतं. पिशवीवर लिटर छापून शेजारी '६० अंश सेल्सिअसला' अशी ओळ टाकली, की गिऱ्हाईकाच्या हाती पंचवीसेक ग्रॅम कमी पडतात आणि कागदावर कुठेच खोट दिसत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा आणि आकारमानाबरोबर वजनही छापा. १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. यंदा तेल घेताना पिशवीवरचे दोन्ही आकडे वाचा, भाव लावा तो वजनाच्या आकड्यावर.

मिस्त्रींकडे परत येतो, कारण त्यांचं सगळं काम एका खोक्यावर चालतं. त्याला फर्मा म्हणतात. लोखंडी, वर-खाली उघडा, दोन बाजूंना धरायला कड्या. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ उंच. गुणाकार करा, ३५,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ३५ लिटर. ही मापं उगाच ठरलेली नाहीत. ५० किलो सिमेंटची गोणी रिकामी केली तर ती साधारण ३५ लिटर जागा घेते. म्हणून एक गोणी म्हणजे एक फर्मा. एकास दोन, चार असा काँक्रीटचा माल करायचा, तर गोणीमागे दोन फर्मे वाळू आणि चार फर्मे खडी. पण वाळू बरणीतल्यासारखी पंचवीस टक्के फुगलेली असेल तर? मग दोन नाही, अडीच फर्मे टाकायचे. न टाकले तर वाळू कमी पडते, खडीतल्या फटी भरत नाहीत, आणि काँक्रीट मधमाशांच्या पोळ्यासारखं पोकळ राहतं. पुष्कळ साइटवर फर्मा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि माल घमेल्यांनी पडतो. कोणाचं घमेलं शिगेचं, कोणाचं अर्धं. सकाळच्या पहिल्या घमेल्यात आणि दुपारी चारच्या घमेल्यात अंगातल्या दमाचा फरक असतो. आमचे मिस्त्री फर्मा सोडायचे नाहीत, आणि या बाबतीत त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता थोडं मागे जायला हवं, पण फार लांब नाही. आमच्या गावाहून तासाभराच्या रस्त्यावर पाटणादेवी आहे. चाळीसगावहून १८ किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. तिथल्या देवळात शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. वाळूचं काम संपलं त्या आठवड्यात मी पाटणादेवीला गेलो. जाताना पिशवीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा मराठी अनुवाद होता.

'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्या सुरुवातीलाच मापं दिली आहेत. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशी जी बारा कडांची आकृती, तिला भास्कराचार्य घनहस्त म्हणतात. आणि लगेच सांगतात, की धान्य मोजताना हाच घनहस्त म्हणजे मगध देशातली एक खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. घनमीटर आणि लिटर यांचं जे नातं आपण शाळेत शिकतो, तेच हे नातं आहे. लांबीच्या मापातून चौकोनी खोकं बांधायचं आणि त्या खोक्यालाच धान्याच्या मापाचं नाव द्यायचं. हात दीड फुटाचा धरला तर घनहस्त ३.३७५ घनफुटांचा, म्हणजे ९५ लिटरच्या जरासा वर. द्रोण सहा लिटर, कुडव शंभर मिलिलिटरच्या आत. कोकणात आणि गोव्यात भात मोजायला 'कुडव' आणि 'कुडो' ही नावं आपल्या आजी-आजोबांपर्यंत चालत आली. मापं बदलली, आकार कमी-जास्त झाले, नाव तेवढं टिकलं.

पुढे 'खातव्यवहार' नावाचं प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. तिथे एक उदाहरण असं आहे, की खड्ड्याच्या बाजू वाकड्यातिकड्या आहेत. लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११, १२ हात भरते, रुंदी ५, ६, ७ आणि खोली २, ३, ४. आचार्य सांगतात, प्रत्येकाची सरासरी घ्या. अकरा, सहा, तीन. उत्तर १९८ घनहस्त. हे वाचताना मी पाटणादेवीच्या देवळाच्या ओट्यावर बसलो होतो, आणि डोळ्यांसमोर ट्रॉलीचा चेपलेला तळ आला. साडेएकवीस, बावीस, साडेबावीस. वहिनींनी 'लीलावती' वाचलेली नाही. उसवलेल्या कापडाची उंची तीन ठिकाणी घ्यायची सवय त्यांच्या हाताला आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाला जी युक्ती सुचली ती आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

याच प्रकरणाच्या पुढे चितिव्यवहार येतो, विटांच्या रचलेल्या ढिगाचा हिशेब. आपल्या पाठ्यपुस्तकातली 'इष्टिकाचिती' याच कुळातली. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रास. मुलांना हा शब्द जड जातो अशी तक्रार मी ऐकतो. पण एकदा विटांच्या थप्पीजवळ उभं करून सांगितलं तर मुलं तो विसरत नाहीत. नव्या मापाची वीट सांध्यातल्या मालासकट २० बाय १० बाय १० सेंटिमीटर जागा घेते, दोन लिटर. एका घनमीटर भिंतीला अशा पाचशे विटा.

खातव्यवहारातलं दुसरं उदाहरण मात्र मला थेट आजच्या शेतात घेऊन गेलं. एक विहीर आहे, वरचं तोंड १२ हात लांब, १० हात रुंद. तळ त्याच्या निम्मा, ६ आणि ५. खोली ७. पाणी किती? कोणीही वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी काढेल. १२० आणि ३०, सरासरी ७५, गुणिले ७, उत्तर ५२५. आचार्य असं करत नाहीत. तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि तिसरं, दोन्ही लांब्यांची बेरीज गुणिले दोन्ही रुंद्यांची बेरीज. १२०, ३० आणि २७०. तिन्हींची बेरीज ४२०, तिला सहाने भागून ७०, आणि खोलीने गुणून ४९०. हे अचूक उत्तर आहे. आजचे अभियंते मातीकामासाठी जे सूत्र वापरतात ते हेच.

आता आपलं शेततळं बघा. राज्याने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हा सगळ्यात मोठा आकार ३० बाय ३० बाय ३ मीटर ठेवला होता. गावातल्या एका शेतकऱ्याने असं तळं केलं आहे. त्याला मी विचारलं, पाणी किती मावतं? "सत्तावीस लाख लिटर," तो म्हणाला. तीस गुणिले तीस गुणिले तीन, २,७०० घनमीटर, आणि घनमीटरला हजार लिटर. गुणाकार बरोबर आहे, पण त्याचं तळं चौकोनी खोकं नाही. बाजू उभ्या कापल्या तर पहिल्याच पावसात ढासळतील, म्हणून त्यांना उतार देतात. त्याच्या तळ्याला एकास दीड उतार होता, तीन मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू साडेचार मीटर आत येते. तळ उरला २१ बाय २१. भास्कराचार्यांच्या रीतीने ९००, ४४१ आणि ५१ गुणिले ५१ म्हणजे २,६०१. बेरीज ३,९४२, सहाने भागून ६५७, तीनने गुणून १,९७१ घनमीटर.

सत्तावीस लाखांऐवजी एकोणीस लाख एकाहत्तर हजार लिटर. सात लाख लिटरांहून जास्त पाणी त्या तळ्यात कधी नव्हतंच. सत्तावीस लाखांच्या भरवशावर त्याने डाळिंबाची झाडं वाढवली होती, आणि एप्रिलच्या शेवटी तळं तळाला लागलं की तो दरवर्षी कागद फाटला असेल म्हणून प्लॅस्टिक तपासत बसायचा. शिवाय काठोकाठ भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून एक सेंटिमीटर पाणी उन्हाने उडालं, तरी नऊ हजार लिटर गेले. मी हे आकडे कागदावर मांडले तेव्हा तो खूप वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कागद शाबूत आहे." त्याच्या आवाजात सुटका होती.

धरणांचे आकडे याच हिशेबाचे, फक्त तिथे माणूस बिचकतो. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. डोळ्यांपुढे आणायचं तर एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशा हौदात २८.३ मीटर पाणी, नऊमजली इमारत बुडेल इतकं. दशलक्ष घनमीटरात सांगायचं तर २८.३ दलघमी. धरणातून साडेअकरा हजार क्युसेकच्या थोडा वर विसर्ग दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी पाणी खाली जातं. पण दलघमी आणि दलघफू यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्या अक्षराची किंमत पस्तीस पट. मी एका दैनिकात डेस्कवर होतो तेव्हा एका रात्री माझ्या हातून बातमीत 'फू'चा 'मी' झाला. एका लहान धरणाचा साठा छापील कागदावर पस्तीस पटींनी फुगला. दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला तो त्या धरणाच्या पाटावर भिजणाऱ्या एका शेतकऱ्याचा. त्याला आवर्तनं तोंडपाठ होती, आणि त्याने मला एकही वावगा शब्द न बोलता आकडा दुरुस्त करून सांगितला. तेव्हापासून मी पाण्याचा आकडा दोनदा वाचतो.

वहिनींनी स्लॅबवर पाण्याचा हौद बांधायचा ठरवला तेव्हा पुन्हा टेप निघाली. आतून सहा फूट, चार फूट, साडेतीन फूट. ८४ घनफूट, आणि घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे २,३७८ लिटर. मिस्त्री म्हणाले, इतकं पाणी मिळणार नाही. ओव्हरफ्लोचा पाइप वरून सहा इंच खाली असतो, नळाचा पाइप तळापासून तीन इंच वर, म्हणजे गाळ नळात येत नाही. मधली पावणेतीन फूट उंचीच कामाची. ६६ घनफूट, १,८६९ लिटर. तळाचे तीन इंच कायमचे तिथेच राहणार.

मोठ्या धरणांत यालाच मृतसाठा म्हणतात. उजनीत तो सगळ्यात डोळ्यांत भरतो. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातले ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात जमा. उपयुक्त साठा ५३ च्या वर, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी वजा तीस टक्के' अशी बातमी येते. धरणात पाणी डोळ्यांना दिसत असतं आणि आकडा शून्याखाली गेलेला असतो, कारण मोजणी नळाच्या पाइपापासून सुरू होते. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हौदाच्या पाइपाकडे बघून मान हलवली. आणि मग विचारलं, "आणि भरल्यावर वजन?" पाणी लिटरला एक किलो. काठोकाठ भरला तर सव्वादोन टनांच्या वर. मिस्त्रींनी हौद स्लॅबच्या मधोमध न घेता दोन भिंतींच्या कोपऱ्यावर घेतला.

राहिली वाळू. पाच ब्रास म्हणजे ५०० घनफूट. खेपेला ८२.७ तर सहा खेपांत ४९६.२. डेपोवर वहिनी वही घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने आधी वही वाचली, मग लोखंडी टेप काढून ट्रॉली स्वतः मोजली. त्यालाही तेच माप मिळालं. सहाव्या खेपेची नोंद त्याने रजिस्टरात घेतली. वहिनी तिथेच उभ्या होत्या. "तीन पूर्णांक आठ घनफूट अजून राहतात," त्या म्हणाल्या. एकशे सात लिटर. पस्तीस लिटरच्या फर्म्याने तीन.

ट्रॅक्टरवाल्या पोराने सकाळीच मिस्त्रींकडून फर्मा मागून घेतला होता, ट्रॉलीत तोच पडला होता. ट्रॉली काठोकाठ सपाट भरून झाल्यावर त्याने फर्मा वर ठेवला, फावड्याने भरला, फळीने तासला आणि दोन्ही कड्या धरून सरळ वर उचलला. ओली वाळू होती, आकार धरून उभी राहिली. मग दुसरा, मग तिसरा. ट्रॅक्टर आमच्या दारात आला तेव्हा सपाट वाळूवर ते तीन चौकोनी ठोकळे ओळीने बसलेले होते, रस्त्यातल्या खड्ड्यांनी मधल्याचा तेवढा एक कोपरा ढासळला होता.